सेकंड हँड गाडी कोणाकडून तपासून घ्यायची: मेकॅनिक, सर्व्हिस सेंटर की विकणाऱ्याचा अहवाल?

सेकंड हँड गाडी पसंत पडली, एक चक्कर मारून झाली, भावही बऱ्यापैकी जुळला. आता पैसे देण्याआधी ती कोणाला दाखवायची? पुणे-मुंबई-नाशिककडे साधारण तीन पर्याय आहेत. ओळखीचा मेकॅनिक, त्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर, किंवा विकणाऱ्या डीलरने वा ऑनलाइन कंपनीने हातात दिलेला तपासणी अहवाल.

माझं मत आधीच सांगतो. गाडी पाच-सहा वर्षांच्या आतली असेल तर पहिल्यांदा सर्व्हिस सेंटर, मग मेकॅनिक. त्याहून जुनी असेल तर सगळा भर मेकॅनिकवर. अहवालाचा उपयोग दहा गाड्यांतून दोन निवडायला होतो. त्या दोनमधली एक घ्यायची की नाही, हे त्यावर ठरवू नका.

सर्व्हिस सेंटरला जायचं ते मुख्यतः त्यांच्या नोंदींसाठी. गाडी प्रत्येक वेळी आली तेव्हा मीटरवर किती किलोमीटर होते, काय बदललं, बॉडीशॉपमध्ये कधी आणि कशासाठी उभी होती, हे सगळं चॅसी नंबरवरून निघतं. मागच्या सर्व्हिसला ६८,००० किलोमीटरची नोंद असेल आणि आज डॅशबोर्ड ५२,००० दाखवत असेल, तर पुढे तपासायला काही उरतच नाही. ही माहिती तिऱ्हाईताला बहुतेक ठिकाणी देत नाहीत, म्हणून मालकालाच सोबत न्या. तो टाळाटाळ करायला लागला तर तिथेच थांबा.

पण वॉरंटी संपली की बरेच लोक कंपनीत जाणं सोडतात आणि घराजवळच्या गॅरेजकडे वळतात. त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या गाडीची नोंद अर्ध्यातच तुटलेली असते. बाहेर केलेलं डेंटिंग-पेंटिंगही तिथे दिसत नाही. शिवाय सर्व्हिस सेंटरचा कल पार्ट बदलण्याकडे असतो, त्यामुळे खर्चाचं एस्टिमेट फुगलेलं येतं. ते पाहून घाबरू नका, भाव करताना मात्र जरूर पुढे ठेवा.

मेकॅनिक कागद बघत नाही, गाडी बघतो. चांगला मेकॅनिक आधी बॉनेटचे नटबोल्ट बघेल, कारण पाना लागला की बोल्टवरचा रंग उडतो. मग दरवाजांची रबरं ओढून पिलरवरचे (दाराच्या चौकटीच्या खांबांवरचे) वेल्डिंगचे ठिपके बघेल. कारखान्यातले ठिपके सारख्या अंतरावर आणि स्वच्छ असतात, दुरुस्तीनंतरचे ओबडधोबड. एप्रन (इंजिनच्या दोन्ही बाजूंचा आतला पत्रा) आणि चेसिसचा पुढचा भाग ठोकून सरळ केलेली गाडी कितीही चकाचक असली तरी घेऊ नये. बंपर किंवा फेंडर रंगवलेला असेल तर एवढी काळजी नको, आपल्या रस्त्यांवर ते होतंच.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला हवं. विकणाऱ्याने आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर परत या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जातंय. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. तिथून जोरात वाफ उसळत असेल तर पिस्टन रिंगा संपत आल्या आहेत. हे काही मिनिटांत कळतं. गाडी वर उचलल्याशिवाय मात्र खालची गळती, लोअर आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारा खालचा दांडा), सायलेन्सरचा गंज काही दिसत नाही. म्हणून लिफ्ट किंवा रॅम्प असलेल्या गॅरेजमध्येच न्या. रस्त्यावर उभी करून केलेली तपासणी अर्धीच असते.

पुरातली गाडीही सहसा मेकॅनिकच पकडतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यात, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात, जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाड्या धुऊनपुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला गाळाची रेघ सापडते. कार्पेट उचला, सीटच्या रुळांवरचा गंज आणि स्टेपनीचा खड्डा बघा. आत अत्तराचा दरवळ सुटला असेल तर तो कशासाठी मारलाय, हे विचाराच.

एक पथ्य पाळा. मेकॅनिक तुम्ही निवडलेला असावा आणि त्याच्या वेळेचे पैसे तुम्ही द्यावेत. विकणाऱ्याने किंवा एजंटने सुचवलेला नको. फुकट बघून देणाऱ्याला कमिशन दुसरीकडून मिळत असू शकतं.

आता अहवाल. फोटो, हिरव्या खुणा, शे-दोनशे मुद्दे. तो खोटाच असतो असं नाही, पण ज्याला गाडी विकायची आहे त्यानेच तो केलेला असतो. त्याच्यासोबत येणारी वॉरंटी आणि काही कंपन्या देतात ती परतीची मुदत, ही त्यातली कामाची गोष्ट. वॉरंटीतून काय वगळलंय ते नीट वाचा. क्लच, बॅटरी, टायर, सस्पेन्शन बहुधा वगळलेले असतात. परतीची मुदत असेल तर त्या दिवसांतच गाडी आपल्या मेकॅनिकच्या लिफ्टवर चढवा. दोन्ही पर्यायांचा फायदा यात मिळतो, तरी फार कमी लोक हे करतात.

कागदांचं काम यांपैकी कोणावरच सोडू नका. परिवहनच्या पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, विमा, पीयूसी आणि थकलेली ई-चलनं बघा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हवा. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. दिल्ली पासिंगची स्वस्त गाडी घेत असाल तर तिथली एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरून हिशोब करा. सीएनजी बसवलेली असेल तर ती आरसीवर चढलेली हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी.

विम्याची जुनी पॉलिसीही मागा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस ५० टक्क्यांपर्यंत जातो. चार वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल तर गेल्या वर्षी क्लेम झाला असण्याची दाट शक्यता आहे. कशाचा, ते विचारा. पॉलिसी नावावर झाली तरी हा बोनस तुम्हाला मिळत नाही, तो जुन्या मालकाचा असतो.

तपासणीआधीच बयाणा द्यायची वेळ आली तर रक्कम छोटी ठेवा, आणि मेकॅनिकच्या तपासणीत मोठा दोष निघाल्यास पैसे परत मिळतील, असं पावतीवर सहीसह लिहून घ्या.