एबीएसचा दिवा विझवून बावीस हजार घेतले

जुनी गाडी वापरणाऱ्यांनी हे वाचाच. प्रश्न ब्रेकचा आहे.

माझी गाडी २००९ची. मीटरमधला एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा दिवा विझेना, म्हणून सोलापुरातल्याच एका गॅरेजात दाखवली. त्याने स्टिअरिंगखाली छोटं स्कॅनर लावलं आणि लगेच सांगितलं, "साहेब, एबीएसचं मॉड्यूल गेलंय. नवं परवडायचं नाही, रिपेअर केलेलं बसवतो." बावीस हजार घेतले, कच्ची चिठ्ठी दिली. संध्याकाळी दिवा बंद.

पुढे भर पावसात मोहोळच्या अलीकडे म्हैस आडवी आली. जोरात ब्रेक दाबला, तर एबीएस चालू झाल्यावर पेडलला जी थरथर जाणवते ती नाहीच. चाकं जाम झाली आणि गाडी सरळ घसरत गेली. बायको-मुलं गाडीत होती. म्हैस हलली म्हणून वाचलो.

मग अक्कलकोट रोडवरच्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चावी फिरवली आणि विचारलं, "दादा, एबीएसचा दिवा लागतच नाही की तुमचा?" चावी ऑन केली की तो दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. मीटर खोललं, तर त्या जागेचा बल्बच काढून टाकलेला!

बॉनेटखाली तर पुरावाच होता. मॉड्यूल, म्हणजे अख्खं एबीएस युनिट बदलायचं तर ब्रेकचे पाइप सोडवावे लागतात, नंतर लाइनमधली हवा काढावी लागते. इथे पाइपांच्या नटांवर वर्षानुवर्षांचा गंज आणि धूळ तशीच, पान्याचा एक ओरखडा नाही. नुसता इलेक्ट्रॉनिक भाग बदलला म्हणावं, तर त्याचे स्क्रूही हललेले नव्हते.

स्वस्तातली बरीच छोटी स्कॅनर फक्त इंजिनच्या बिघाडाचे कोड वाचतात, एबीएसशी बोलतच नाहीत. मिस्त्रींच्या मोठ्या स्कॅनरवर मागच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा कोड आला. तरी त्यांनी लगेच सेन्सर मागवला नाही. कोड फक्त सर्किट दाखवतो. दोष वायरीत, कनेक्टरमध्ये, चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि सेन्सर वाचतो त्या दातेरी रिंगमध्ये, कुठेही असू शकतो. मल्टिमीटर लावल्यावर उजव्या सेन्सरला हजारावर ओहम, डाव्याला रीडिंगच नाही, म्हणजे सर्किट तुटलेलं. सस्पेन्शनला घासून वायर तुटली होती. वायरीसकट सेन्सर अडीच हजारात बसला. मग मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबून त्यांनी पेडलची थरथर मला दाखवली.

पैसे कमावण्यासाठी दुसऱ्याच्या ब्रेकची सूचना देणारा दिवाच काढून टाकायचा, याचा संताप अजून जात नाही. पहिल्या गॅरेजवाल्याकडे गेलो तर म्हणाला, "दिवा बंद करून पाहिजे होता ना?"

गाडी ताब्यात घेताना गॅरेजवाल्यासमोरच चावी फिरवून दिवा लागून विझतो का ते पाहा. कोडचा फोटो, काढलेला जुना पार्ट आणि पार्ट नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागा. मी गंजलेल्या नटांचे फोटो ठेवलेत आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. पैसे परत आले नाहीत तर तिथे जाणार.