पायथॉन २.७ वरचा हिशोबाचा प्रोग्राम: जसाच्या तसा सांभाळायचा की नव्या आवृत्तीवर न्यायचा?

सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं अडत दुकान असो, एखादी पतसंस्था असो की तासगावकडचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून दिलेला छोटा प्रोग्राम रोज शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढतोय, हमाली-तोलाई वजा करतोय, हे चित्र नवं नाही. "चालतंय की, कशाला हात लावायचा?" हे म्हणणंही चुकीचं नाही. पण जुना कॉम्प्युटर बसतो, नव्यावर तोच प्रोग्राम टाकला की पहिल्याच 'प्रिंट'च्या ओळीला सिंटॅक्स एरर येते आणि मग निर्णय घाईत घ्यावा लागतो. तो आधीच, शांतपणे घ्यावा म्हणून ही तुलना.

असे बरेच प्रोग्राम पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले असतात. तिची २.७ ही आवृत्ती जुलै २०१० मध्ये आली. १ जानेवारी २०२० ला या आवृत्तीचा सपोर्ट संपला आणि एप्रिल २०२० मध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती निघाली. उबुंटू २४.०४ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तर ती मिळतही नाही. म्हणजे रस्ते दोनच: जुन्या प्रोग्रामला त्याचं जुनं वातावरण मिळवून द्यायचं, किंवा प्रोग्राम पायथॉन ३ वर आणायचा.

पहिल्या रस्त्यातला सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे जुनाच कॉम्प्युटर कोपऱ्यात चालू ठेवणं. हार्ड डिस्क कधीतरी जाणारच, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी बाजारपेठेत कुठवर आलं होतं हे सांगलीकराला सांगायला नको. तळमजल्यावरच्या एकाच यंत्रात सगळा हिशोब ठेवू नका. त्यापेक्षा व्हर्च्युअलबॉक्स घ्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन) चालवणारा प्रोग्राम, आणि त्यात जुनी ऑपरेटिंग सिस्टिम, पायथॉन २.७ आणि आपला प्रोग्राम बसवा. मग सगळा संसार डिस्कवरच्या एका फोल्डरमध्ये येतो, तो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून वरच्या मजल्यावर किंवा घरी ठेवता येतो आणि कुठल्याही नव्या यंत्रावर उघडता येतो. प्रोग्रामला खिडक्या-बटणं असतील, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडायचा असेल तर हाच मार्ग बरा. प्रोग्राम मागच्या मागे चालणारा असेल, म्हणजे रात्री रिपोर्ट काढणारा किंवा ब्राउझरमधून उघडणारा, तर डॉकर हलका पडतो; तो प्रोग्राम त्याच्या वातावरणासकट एका डब्यात बंद करून चालवतो. २.७ ची जुनी इमेज, म्हणजे असा तयार डबा, अजून उतरवून घेता येते, फक्त तिच्यात नव्या दुरुस्त्या येत नाहीत. पायपाय हा याच रस्त्यातला तिसरा पर्याय अनेकांना माहीत नसतो. पायथॉनचे प्रोग्राम चालवणारं हे वेगळं साधन, आणि त्यानं २.७ ची भाषा अजून सोडलेली नाही. शुद्ध पायथॉनमध्ये लिहिलेला प्रोग्राम त्यावर सहसा न बदलता चालतो, पण सी भाषेतल्या लायब्ररी (तयार कोडचे संच) जोडलेल्या असतील तर अडखळतो.

या रस्त्याचा खर्च एखाद-दोन दिवसांच्या कामाचा. बसवताना एक अडचण हमखास येते: पिप, म्हणजे पायथॉनची तयार पॅकेजेस उतरवून बसवणारं साधन, ती उतरवायला नकार देतं. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या पिप २१.० पासून पायथॉन २ चा आधार काढून टाकलाय. २०.३.४ ही शेवटची चालणारी आवृत्ती, ती मुद्दाम मागून घ्यावी लागते. उतरवलेली पॅकेजेस लगेच स्वतःकडे साठवून ठेवा.

पण प्रोग्राम बाहेरच्या जगाशी बोलत असेल, म्हणजे एसएमएस पाठवणं, बँकेशी किंवा जीएसटीच्या यंत्रणेशी जोडणी, तर हा रस्ता फार दिवस पुरत नाही. २.७.९ च्या आधीच्या आवृत्त्यांना आजची सुरक्षित जोडणी धड करताच येत नाही, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेला प्रोग्राम इंटरनेटवर उघडा ठेवणं लोकांच्या पैशांच्या बाबतीत मला मान्य नाही. बंदिस्त ठेवायचा तर इंटरनेट तोडूनच.

आता दुसरा रस्ता. पायथॉन ३ वर नेताना ज्या चुका ओरडून सांगतात त्यांना घाबरू नका. 'प्रिंट'ला कंस नाहीत, 'हॅज-की' ही जुनी आज्ञा सापडत नाही, रिकाम्या रकान्याची आकड्याशी तुलना होत नाही: प्रोग्राम तिथेच थांबतो, ओळीचा नंबर देतो, दुरुस्ती दोन मिनिटांची. बरीचशी तर टू-टू-थ्री हे साधन आपोआप करतं. पायथॉन ३.१३ मधून ते काढून टाकलंय, तेव्हा रूपांतरापुरती ३.१२ किंवा त्याआधीची आवृत्ती वापरा.

खरी भीती गप्प बसणाऱ्या चुकांची. समजा १२७५ किलो हळद आली आणि ५० किलोच्या पोत्यानं हमाली लावायची आहे. जुन्या पायथॉनमध्ये १२७५/५० म्हणजे २५. दोन्ही पूर्णांक असले की तो अपूर्णांक सोडून देतो. नव्यात उत्तर २५.५. पोत्यामागे १२ रुपये धरले तर पट्टीवर ३०० च्या जागी ३०६ छापून येणार. कुठलाही एरर नाही, कुठलीही सूचना नाही. राउंडचं, म्हणजे पूर्ण रुपयात आणण्याचंही तसंच. ११२.५० चं जुना पायथॉन ११३ करायचा, नवा ११२ करतो, कारण बरोबर अर्धा आला की नवा जवळच्या सम आकड्याकडे जातो. ११३.५० चं मात्र दोन्हीकडे ११४ च होतं, म्हणून दोन-चार पट्ट्या तपासून "बरोबर आहे" म्हणणारा फसतो. टू-टू-थ्री यातलं काहीच दुरुस्त करत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो जुन्या पायथॉनमध्येच आहे. '-३' हा स्विच लावून जुना प्रोग्राम दिवसभर नेहमीच्या कामाला लावा. असा भागाकार जिथे होईल त्या ओळीची तो सूचना देतो. तिथे दोन तिरक्या रेघांचा (//), म्हणजे अपूर्णांक सोडून देणारा भागाकार हवा की खरा अपूर्णांक, हे प्रोग्रामरनं एकट्यानं ठरवू नये, दिवाणजींना विचारावं. पैशांसाठी डेसिमल हा पायथॉनमधला नेमक्या दशांशाचा प्रकार वापरा आणि अर्धा नेहमी वर न्यायचा हे स्पष्ट लिहा. कधी उलटही दिसेल: जुनाच प्रोग्राम सरासरी दर काढताना पैसे गाळत होता. तेव्हा नवा आकडा बरोबर असूनही जुन्याशी जुळणार नाही, आणि काय करायचं हा निर्णय मालकाचा.

मराठी मजकुराची गंमत वेगळी. 'हळद'ची लांबी जुना पायथॉन साध्या स्ट्रिंगमध्ये (साध्या मजकुरात) ९ सांगतो, कारण तो अक्षरं नाही, साठवणीचे बाइट मोजतो. नवा ३ सांगतो. ज्यानं पट्टीवरचे रकाने सरळ यावेत म्हणून जुन्या कोडमध्ये जागा वाढवून ठेवल्यात, त्याचे रकाने नव्यात सरकतील. आणि डेटा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टच्या कोडमध्ये असेल तर लिनक्सवर नवा पायथॉन फाइल युनिकोड समजून उघडायला जातो आणि मजकूर वाचता येत नाही अशी डिकोड एरर देतो. तिथे लॅटिन-१ या जुन्या अक्षरसंकेतात फाइल उघडली की एकही बाइट न बदलता मजकूर आत येतो. युनिकोडमध्ये रूपांतर हे वेगळं काम, ते यात मिसळू नका.

लायब्ररींचं थोडक्यात: मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडणाऱ्या मायएसक्यूएल-पायथॉनच्या जागी मायएसक्यूएलक्लायंट जवळपास तसंच बसतं. जँगो या वेब प्रोग्राम बनवायच्या साच्यावरचा प्रोग्राम असेल तर जँगोची १.११ ही पायथॉन २ वर चालणारी शेवटची आवृत्ती, तिथून पुढचा प्रवास लांबचा आहे. आणि पायथॉन ३ वर आलं म्हणजे सुटलो असंही नाही: ३.१० मध्ये कलेक्शन्स या लायब्ररीतली काही जुनी नावं गेली, ३.१२ मध्ये पॅकेजेस बसवायला लागणारं डिस्टयुटिल्स गेलं. कुठली आवृत्ती, कुठली पॅकेजेस हे लिहून ठेवाच.

मग निवड कशी करावी? प्रोग्राम फक्त जुने व्यवहार बघायला लागत असेल तर व्हर्च्युअल मशीन पुरे, रूपांतरावर पैसे घालू नका. बाहेर जोडणी असेल किंवा दर वर्षी नवे बदल मागावे लागत असतील तर पायथॉन ३ वर जाणं टळत नाही. पण तेव्हाही आधी जुना प्रोग्राम व्हर्च्युअल मशीनमध्ये सुरक्षित करा, मग रूपांतर, मग त्याच पट्ट्या दोन्हीकडे काढून पैशापैशानं जुळवा. जुना साक्षीदार हाताशी नसेल तर नवा बरोबर आहे हे कुणी सांगायचं? कोटेशन देणारा ही समांतर तपासणी धरत नसेल तर ते काम त्याला देऊ नका, कितीही स्वस्त असू दे.

वेळ निवडताना हळदीची आवक बघा. फेब्रुवारीपासून मेपर्यंत यार्डात पाय ठेवायला जागा नसते, त्यात ३१ मार्च येतो. तेव्हा प्रोग्रामला हात नको. जुना प्रोग्राम पावसाआधी व्हर्च्युअल मशीनमध्ये जाऊ दे, रूपांतर सप्टेंबरला सुरू करा. नवी हळद यायच्या आत दोन्हीकडचे आकडे निदान एक महिना सलग जुळलेले हवेत. नाही जुळले तर तो हंगाम जुन्यावरच काढा.