अंगठ्याएवढी किल्ली: नऊ महिने वापरून झाल्यावर

गेल्या ऑगस्टात मी स्वतःच्या पैशाने दोन सिक्युरिटी की मागवल्या, म्हणजे ईमेलचं खातं उघडताना पासवर्डनंतर कॉम्प्युटरला खोचायच्या छोट्या किल्ल्या. दोन्ही मिळून सात हजारांच्या आतबाहेर गेले. हंगामाच्या तोंडाला हापूसची एक बऱ्यापैकी पेटी येते तेवढे म्हणा. घरात कोणाला किंमत सांगितली नाही. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण अशा किल्ल्या बऱ्याच कंपन्या काढतात आणि फिडो (अशा किल्ल्यांचं सगळ्यांनी मानलेलं मानक) प्रमाणपत्र असलं की ईमेलच्या कामाला सगळ्या सारख्याच.

मी मालवण-देवगड पट्ट्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मुख्य लिपिक आहे. निवृत्तीला चार वर्षं उरलीत. कॉम्प्युटरमधलं मला फार कळतं असं नाही, पण प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षा, पगारबिलं असं सगळं माझ्या एका ईमेलवरून जातं. म्हणजे ते खातं चोराच्या हातात गेलं तर नुकसान माझ्या एकटीचं नाही.

किल्ली घ्यावी लागली त्याची गोष्ट आधी सांगते, नाहीतर एवढे पैसे कशाला घातले ते कळणार नाही.

गेल्या वर्षी आमच्या संस्थेने सगळ्यांचे ईमेल नव्या व्यवस्थेवर हलवायचं ठरवलं. या हलवाहलवीला कारण होतं. पूर्वी शिक्षणसंस्थांना गुगलवर हवी तेवढी जागा फुकट मिळायची. 2021 मध्ये गुगलने जाहीर केलं की आता अख्ख्या संस्थेला मिळून 100 टेराबाइट जागा. मग ठिकठिकाणी जुनी खाती बंद करा, माजी विद्यार्थ्यांची काढा, मोठ्या फाइली उडवा, असं सुरू झालं. त्यातच विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार म्हणून ऑफिसातले कॉम्प्युटरचे जुने डबेही बदलायला काढले. थोडक्यात, जून-जुलैत ऐन प्रवेशाच्या गर्दीत रोज काहीतरी नवीन फर्मान.

संस्थेने ज्या बाहेरच्या मंडळींना हे काम दिलं होतं त्यांचा खरा मेल आला. पाठवणाऱ्याचा पत्ता कधी न ऐकलेला, इंग्रजी मोडकं, खाली आखूड केलेली लिंक आणि ‘48 तासांत न केल्यास खाते बंद’. मी तो फसवणुकीचा समजून डिलीट केला आणि वर दोघांना सांगितलं की असले मेल उघडू नका. परिणाम असा की माझी 2019 पर्यंतची जुनी फोल्डरं नव्या जागी आलीच नाहीत. दोन महिने अर्ज करून मिळाली.

चार दिवसांनी दुसरा मेल आला. वर विद्यापीठाचं बोधचिन्ह, शुद्ध भाषा, जावक क्रमांकसुद्धा. ‘आपला मेलबॉक्स नव्या सर्व्हरवर हलवला जात आहे, कृपया खात्री करा.’ आधीचा मेल डिलीट केल्याबद्दल बोलणी खाल्ली होती, त्यामुळे या वेळी लगेच लिंक दाबली. सकाळचे अकरा, खिडकीवर वीस-पंचवीस पालक, बाहेर मुसळधार. लाइट पहाटेच गेलेली. इन्व्हर्टरवर राउटर आणि माझा एक कॉम्प्युटर तेवढा चालू. पासवर्ड टाकला. पुढचं पान आलं: ‘मोबाइलवर आलेला ओटीपी टाका.’

ओटीपी येईना. लाइट नसली की दोन-तीन तासांत टॉवरची बॅटरी संपते आणि फोनची रेंज जाते, हे आमच्याकडे पावसाळ्यात नेहमीचं. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर तर कित्येक दिवस ना लाइट ना रेंज. मी चिडून संगणक विभागाच्या मॅडमना हाक मारली, म्हटलं बघा हो, तुमच्या नव्या सर्व्हरला माझा ओटीपी पाठवता येत नाही. त्या आल्या, वरच्या पट्टीत वाकून पत्ता बघितला आणि म्हणाल्या, ‘ताई, हात काढा कीबोर्डवरून.’

पत्त्यात विद्यापीठाचं नाव होतं, एसी डॉट इन होतं, पण ते मधे. त्याच्या पुढे आणखी एक टिंब आणि भलतंच नाव. मॅडमनी तिथेच समजावलं. पोस्टमन पाकिटावरचा पत्ता खालून वाचतो, आधी पिन कोड, मग गाव, मग वाडी, मग नाव. वेबचा पत्ताही तसाच, सुरुवातीचं https:// सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपासून उलटा, उजवीकडून डावीकडे वाचायचा. डॉट एसी डॉट इन हे शेपूट अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेमार्फत शिक्षणसंस्थांनाच मिळतं, म्हणून ते शेवटी असलं तर त्याला अर्थ. मधे कोणीही काहीही लिहील. कुलपाचं चिन्ह? तेही त्या नकली पानावर होतं. कुलूप म्हणजे मधे कोणी ऐकत नाही एवढंच. पलीकडे चोर बसलाय की साव, ते कुलूप सांगत नाही.

पंचवीस मिनिटांनी टॉवर जिवंत झाला आणि फोनवर ओटीपी येऊन पडला. तो खराच होता. मी पासवर्ड नकली पानावर टाकल्याबरोबर पलीकडच्याने तो खऱ्या पानावर टाकला होता आणि आता माझ्या सहा आकड्यांची वाट बघत बसला होता. ते वेळेत आले असते तर मी टाकलेच असते, यात मला काडीची शंका नाही. मी सावध होते म्हणून वाचले नाही. टॉवर बंद होता म्हणून वाचले.

आमच्याच ओळखीच्या दुसऱ्या एका ऑफिसात टॉवर चालू होता. तिथल्या बाईंच्या खात्यातून रात्रीत शेकडो मेल गेले आणि दोन दिवस त्यांना पत्ता नाही, कारण चोराने खात्यात एक नियम लावून ठेवला होता: येणारी उत्तरं परस्पर कचऱ्यात. म्हणून असं काही झालं तर नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, आणि सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून बघा. मी बघितले, माझे स्वच्छ होते.

त्यानंतर आम्हाला एक तासाचं ऑनलाइन प्रशिक्षण झालं. सावध राहा, घाई करू नका, पत्ता नीट बघा. मान्य. पण खिडकीवर पंचवीस माणसं उभी असताना नीट बघायचं कोणी? पुण्याचा भाचा गणपतीला येणार होता, त्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, मावशी, तू नको बघूस. बघायला किल्ली ठेव.

तर किल्ली. कुरिअरवाला आमच्या वाडीपर्यंत येत नाही, नाक्यावरच्या मेडिकलमध्ये पाकीट ठेवून फोन करतो. तिथून घेतली. दिसायला पेन ड्राइव्हसारखी, अंगठ्याएवढी, मधे सोनेरी ठिपका. बॅटरी नाही, स्क्रीन नाही, फाइलही ठेवता येत नाही. आमच्या शिपाईमामांनी हातात घेऊन विचारलं, ‘मॅडम, ही चावी खयच्या कुलपाची?’

चालते अशी. ईमेलच्या सेटिंगमध्ये सुरक्षा, मग टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी पायरी), मग सिक्युरिटी की जोडा. एकदा जोडली की पासवर्डनंतर कॉम्प्युटर किल्ली मागतो. खोचायची, सोनेरी ठिपक्यावर बोट टेकवायचं, झालं. ना रेंज लागते ना ओटीपी. पहिल्याच आठवड्यात मला वाटत होतं की ती माझ्या बोटाचा ठसा ओळखते. मग एकदा माझे हात फणसाच्या चिकाने भरलेले, मामांना म्हटलं जरा टेकवा बोट, गंमत बघू. उघडलं की! ‘ह्यां माझ्या बोटान पण उघडलां!’ म्हणत मामा ऑफिसभर सांगत सुटले. साध्या किल्लीला कोणाचंही बोट चालतं. तिला फक्त एवढंच कळायला हवं असतं की समोर कोणीतरी खरं माणूस बसलंय. ठशाच्याही मिळतात, महाग. तेव्हा पासवर्ड आणि किल्ली दोन्ही एका जागी ठेवू नका, आणि खोचून घरी जाऊ नका. मी दोनदा गेले.

खरी करामत आत आहे. जोडताना ही किल्ली त्या वेबसाइटच्या पत्त्यासाठी वेगळं गुपित तयार करते. पुढे त्याच पत्त्याला उत्तर देते, दुसऱ्याला नाही. नकली पान कितीही हुबेहूब असो, पत्ता वेगळा म्हणून किल्ली गप्प. घरचा कुत्रा कपडे बघत नाही, वास घेतो, तसं. गुगलने 2018 मध्ये सांगितलं होतं की आदल्या वर्षी आपल्या 85 हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना किल्ली सक्तीची केल्यापासून कामाचं एकही खातं फिशिंगने, म्हणजे अशा नकली मेल-पानांच्या फसवणुकीने, गेल्याचं आढळलेलं नाही. भाच्याने हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. मी म्हटलं, त्यांच्याकडे लाइट जात नाही.

मोबाइलवरच्या कोडवाल्या ॲपचं काय, असं सगळे विचारतात. ते फुकट आहे आणि ओटीपीपेक्षा कोकणात केव्हाही बरं, कारण दर तीस सेकंदांनी बदलणारे ते सहा आकडे फोन स्वतःच घड्याळावरून काढतो, रेंज शून्य असली तरी चालतं. ज्यांना किल्ली परवडत नाही त्यांनी निदान हे आजच घ्यावं. पण ते आकडेही आपणच टाकतो, म्हणजे नकली पानावरही टाकू शकतो. शिवाय फोन गेला की पंचाईत. आमच्या एका सरांचा फोन होडीतून उतरताना खाडीत पडला आणि ॲपची दुसरीकडे नक्कल ठेवलेली नव्हती. फोन नसताना खातं उघडायला गुगल दहा बॅकअप कोड देतं, ते छापून ठेवलेत का विचारलं, तर म्हणाले, हो, फोनमध्ये फोटो आहे.

आता खोड्या. आमच्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर मोठ्या खाचेचे, यूएसबी-ए. फोनला छोटी, सी. मी ए वाली घेतली जी फोनला मागून टेकवून चालते. टेकवायची जागा सापडायला आठवडा गेला, आणि जाड कव्हर असेल तर काढावं लागतं. कॉम्प्युटरच्या पुढच्या खाचा खाऱ्या हवेने कधीच गेलेल्या, मागच्या बाजूला टेबलाखाली वाकून कोळिष्टकांत हात घालायचा. शेवटी दीडशे रुपयांची एक्स्टेंशन वायर आणून टेबलावर घेतली. किल्लीला मात्र हवेने काही झालं नाही. ऑगस्ट-सप्टेंबरचा पाऊस, स्कूटरच्या किल्लीसोबत जुडग्यात, एकदा बंदरावर ओल्या वाळूत पडली, तरी चालू. वर ओरखडे आहेत, ते असोत.

पिनचं एक ध्यानात ठेवा. काही ठिकाणी किल्लीचा स्वतःचा पिन मागतात आणि तो आठ वेळा ओळीने चुकला की किल्ली स्वतःला बंद करून घेते. मग पुसून परत पहिल्यापासून. मी सहाव्यांदा थांबले आणि चहा प्यायला गेले.

पाचातला एक तारा कापते तो दुसऱ्याच कारणासाठी, आणि त्यात किल्लीचा दोष नाही. ज्या पोर्टलांवर माझा अर्धा दिवस जातो, त्यातली बहुतेक अजून मोबाइलच्या ओटीपीवरच आहेत. तिथे ही किल्ली म्हणजे नुसता शोभेचा लटकन. बँकेचंही तेच. बँकांपुरती निदान एक सोय झाली: रिझर्व्ह बँकेने त्यांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर यायला सांगितलं, त्यामुळे उजवीकडून वाचायची सवय तिथे कामाला येते.

आणि जो मेल लॉगिन मागतच नाही, त्याच्यापुढे किल्ली काही करत नाही. डिसेंबरात मला प्राचार्यांच्या नावाने मेल आला: मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, तातडीने काही गिफ्ट कार्डं घेऊन नंबर पाठवा, पैसे संध्याकाळी देतो. नाव सरांचं, पत्ता कुठलातरी फुकटातला. मला पत्ता बघायची गरजच पडली नाही. आमचे सर मेल करत नाहीत, मामांना पाठवतात. आणि ‘प्लीज’ तर त्यांनी मला बावीस वर्षांत म्हटलेलं नाही. तरी शेजारच्या टेबलावरचा नवा मुलगा पाकीट काढून उठला होता. त्याला हाताला धरून सरांच्या केबिनमध्ये नेलं, सर डबा खात होते. पैसे गेलेच असते तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकाला फोन लावायचा, हे तेव्हापासून भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

दुसरी किल्ली कशाला, असं वाटेल. एक हरवली तर. दोन्ही एकाच वेळी खात्याला जोडून ठेवायच्या, नंतर जोडू म्हटलं की राहतं. माझी दुसरी घरी कपाटात आहे, आईच्या पाटल्यांच्या डबीत, सोबत बॅकअप कोडांचा कागद घडी करून.

मार्चमध्ये मी ऑफिसातल्या सहा जणांसाठी किल्ल्या घ्याव्यात असा प्रस्ताव लिहून दिला. लेखा विभागाने विचारलं, हे स्टेशनरीत घालायचं की संगणक साहित्यात? मी लिहिलं, कुलूप-किल्ली कुठल्या शीर्षाखाली घेता, त्यात घाला. परवा फाइल परत आली. वर शेरा आहे: तीन दरपत्रके जोडावीत.