गेट सीक्वेन्सर की चौकोनी एलएफओ?

पॅडचा (म्हणजे सिंथवरच्या मऊ, भरीव आवाजाचा) एक लांब सूर धरून ठेवायचा आणि तो तालात तोडायचा. सॉफ्टवेअर सिंथमध्ये, म्हणजे संगणकावर आवाज घडवणाऱ्या वाद्यात, याचे दोन रस्ते आहेत.

एलएफओ म्हणजे ऐकू न येणारी संथ लहर, जी दुसरं काहीतरी हलवते; चौकोनी असली की ती फक्त चालू-बंद करते. असा चौकोनी एलएफओ व्हॉल्यूमला जोडला, टेम्पोशी सिंक केला, की झालं. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) १/८ दर, म्हणजे अर्ध्या ठोक्याला एक फेरी, ठेवला तर आवाज १२५ मिलिसेकंद चालू, १२५ बंद. दोन मिनिटांचं काम. पण ऐकू येतं ते पिठाच्या गिरणीसारखं एकसुरी.

गेट सीक्वेन्सर म्हणजे ओळीने येणाऱ्या पायऱ्या, प्रत्येकीवर आवाज चालू की बंद ते ठरवायचं. इथे प्रत्येक पायरी तुमच्या हातात. सर्ज एक्सटी हा मोफत सिंथ घ्या: त्याच्या एलएफओमध्येच १६ पायऱ्यांचा सीक्वेन्सर आहे. १, ४ आणि ७ या पायऱ्या चालू ठेवून आठवर लूप केला, की ३-३-२ चा डोल लगेच येतो. लूप १४ पायऱ्यांचा करा, दोन पायऱ्यांची एक मात्रा धरा, १, ७ आणि ११ वर आवाज चालू ठेवा. सात मात्रांच्या रूपक तालाचे ३-२-२ खंड तयार! हे एका साध्या चौकोनी एलएफओला जमणार नाही. शिवाय हव्या त्या पायरीवर एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार ठरवणारा आकार) नव्याने सुरू करता येतो, म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणारा फिल्टरही तालात उघडतो.

‘टक्’ असा आवाज मात्र दोन्हीकडे येतो, कारण लहर मध्येच कापली जाते. कडा तीन-चार मिलिसेकंदांनी मऊ करा.

मी एलएफओ फक्त हलक्या थरथरीसाठी ठेवतो. बाकी सगळीकडे गेट.