मांडव्याची बोट आणि सुंठीची गोळी: एका मोसमाचा अनुभव

ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहिते आहे. ज्यांना लागत नाही त्यांना हा सगळा खटाटोप वाटेल. पण वाऱ्याने पाण्यावर पांढरा फेस उठलाय, आपण अजून धक्क्यावरच उभे आहोत आणि तेवढ्यातच तोंडाला पाणी सुटायला लागलंय, ही अवस्था ज्याने भोगली आहे त्याला यातला प्रत्येक तपशील उपयोगी पडेल.

माझं घर अलिबाग तालुक्यात आणि नोकरी फोर्टात. आठवड्यातले काही दिवस मुंबईत राहायचं, बाकीचे घरी. रस्त्याने पनवेल, पेण, वडखळ करत गेलं तर अर्धा दिवस मोडतो. गेटवेहून बोट धरली की तासाभरात मांडवा. त्यामुळे बोटीला पर्याय नाही, आणि बोट मला लागते. थोडीथोडकी नाही, चांगलीच लागते: आधी जांभया, मग कपाळावर गार घाम, मग उमासे.

डॉक्टरांनी दिलेली प्रोमेथाझिनची गोळी उत्तम काम करते, हे आधीच सांगते. तिच्याबद्दल माझी तक्रार एकच. सोमवारी सकाळी गोळी घेऊन निघालं की दुपारपर्यंत डोळ्यांवर झापड आणि तोंड कोरडं. सुट्टीवर चाललेल्या माणसाला हे चालतं. उतरून थेट कामाच्या टेबलाशी बसायचं असेल त्याला नाही चालत. म्हणून पावसाळ्यानंतर बोटी सुरू झाल्या तेव्हा ठरवलं की यंदाचा मोसम आलं खाऊन काढायचा. दसऱ्याच्या सुमारास सुरुवात केली आणि मे महिन्यात बोटी बंद होईपर्यंत ते नेमाने घेतलं. गोळी पर्समध्ये कायम होती, पण ती अगदी वाईट वाऱ्याच्या दिवसांसाठी.

आलं घेणं म्हणजे नेमकं काय घेणं, इथूनच प्रश्न सुरू होतो. आलेपाक, आल्याचा चहा, मीठ लावलेली कच्ची चकती, आलं-लिंबाचा रस, सुंठीची पूड, औषधाच्या दुकानातली कॅप्सूल, परदेशातून कुणी आणलेल्या आल्याच्या गोळ्या, हे सगळं लोक एकाच दमात सांगतात. माझ्या पोटाने मात्र यात स्पष्ट फरक दाखवला.

आल्याच्या चहाने माझं काहीही भागलं नाही. त्यात आलं किती उतरलं याचा पत्ता नसतो, शिवाय दूध पोटात घेऊन लाटांवर जायचं ही कल्पनाच मला नको वाटते. आल्याच्या चवीच्या गोड शीतपेयांत आलं बहुतेक नावालाच असतं. आलेपाक चवीला झकास, आणि बोटीत चघळायला बरा वाटतो, पण त्यात साखरच भरपूर. मळमळ थांबेल एवढं आलं पोटात जायला बऱ्याच वड्या खाव्या लागतील. कच्च्या आल्याच्या चकतीला सैंधव आणि लिंबू लावून चावणं हा त्यातला खरा कामाचा प्रकार. ती तोंडातल्या तोंडात लगेच काम करते. तोंडाला सुटणारं पाणी आणि ती विचित्र तुरट चव चावताक्षणी मागे हटते. फक्त रिकाम्या पोटी घेतली की छातीत जळजळ होते, आणि मला ती दोनचारदा चांगलीच झाली.

टिकलं ते एकच: सुंठ आणि गुळाची गोळी.

ती कशी करते ते सांगते, कारण प्रमाणावर सगळं अवलंबून आहे. बाजारात तयार सुंठपूड मिळते, पण मी अख्खी सुंठ आणते. गड्डा मोडल्यावर आत फिकट पिवळसर दिसायला हवा आणि वास नाकात शिरायला हवा. करडा, पिठूळ, किडीने भोकं पाडलेला गड्डा नको. खलबत्त्यात आधी जाडसर ठेचायचा, मग मिक्सरमध्ये फिरवायचा. चाळणीवर तंतूंचा केसांसारखा गुंता उरतो तो टाकून द्यायचा, नाहीतर घशात टोचतो. मग वीस ग्रॅम पुडीला साधारण दुप्पट चिकीचा नव्हे, साधा मऊ गूळ आणि बोटभर तूप घेऊन मळायचं आणि वीस गोळ्या वळायच्या, म्हणजे एका गोळीत एक ग्रॅम सुंठ जाते. वजनकाटा नसेल तर चहाच्या लहान चमच्याने सपाट अर्धा चमचा पूड म्हणजे अंदाजे एक ग्रॅम धरा. रामनवमीचा सुंठवडा ज्यांना आवडतो त्यांना ही गोळी मुद्दाम गिळावी लागणार नाही.

सुंठच का, ओलं आलं का नाही? ओल्या आल्यात पाऊण भागाहून जास्त पाणीच असतं, म्हणून एक ग्रॅम सुंठीच्या जागी अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा तरी खावा लागतो. शिवाय आल्याचा तिखटपणा ज्यामुळे असतो त्या जिंजेरॉल नावाच्या द्रव्याचा काही भाग आलं वाळताना शोगाओलमध्ये बदलतो, आणि ते जिंजेरॉलपेक्षा जास्त तिखट असतं. सुंठ आल्याहून जास्त झोंबते ती यामुळे.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि ही मला प्रमाणाइतकीच महत्त्वाची वाटते. बोट हलायला लागल्यावर, मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या सुंठीचा जवळजवळ उपयोग होत नाही. त्या वेळी पोटाचं काम मंदावलेलं असतं, आत गेलेलं पुढे सरकतच नाही. युरोपच्या औषध नियामक संस्थेच्या आल्यावरच्या पत्रकात मोठ्या माणसासाठी एक ते दोन ग्रॅम सुंठपूड प्रवासाच्या तासभर आधी घ्यावी असं दिलं आहे. माझा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो. संध्याकाळी ऑफिसातून निघतानाच दोन खारी बिस्किटं किंवा अर्धी पोळी खायची, त्यावर गोळी, वर दोन घोट पाणी. गेटवेपर्यंत चालत जाऊन रांगेत उभं राहीपर्यंत ती पोटात बसलेली असते. वारा जोराचा असेल तेव्हा दोन गोळ्या.

आता फरक काय पडला ते. जे कमी झालं ते ठळक आहे: उलटी. पूर्वी खवळलेल्या दिवशी उलटी ठरलेली असायची. या मोसमात ती अगदी क्वचित झाली, आणि तीही आठवणीने गोळी घेता न आलेल्या घाईच्या दिवशी. गार घामही बराच आटोक्यात आला. मांडव्याला उतरल्यावर पूर्वी बराच वेळ बाकावर बसून राहावं लागायचं, आता मी सरळ बसकडे चालू लागते. पण डोकं जड होणं, किंचित घेरी, बोलायला नको वाटणं, हे राहिलं. कमी झालं, गेलं नाही. कुणी तुम्हाला सांगितलं की आल्याने समुद्र सपाट वाटायला लागतो, तर विश्वास ठेवू नका.

याचं कारण वाचल्यावर मला समाधान वाटलं. बोट लागते ती कान आणि डोळे यांच्यात पटत नाही म्हणून. आतल्या कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की आपण वर-खाली होतोय, आणि समोरची खुर्ची, पाठीमागची भिंत बघणारे डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. प्रोमेथाझिनसारखी औषधं मेंदूत जाऊन तो संदेशच मंद करतात, म्हणून ती जास्त प्रभावी आणि म्हणूनच झोप आणणारी. आलं मुख्यतः पोटावर काम करतं. निरोगी पोटाची लय मिनिटाला साधारण तीन ठोक्यांची असते. मळमळीत ती बिघडून वेगाने धावायला लागते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आतून पट्टे रंगवलेल्या फिरत्या पिंपात (माणूस स्थिर, पण डोळ्यांना आपणच फिरतोय असं वाटतं) बसवलेल्या लोकांना आधी आलं दिलं तेव्हा मळमळ उशिरा आली आणि पोटाची ती बिघडलेली लयही कमी बिघडली. म्हणजे कान-डोळ्यांचं भांडण तसंच चालू राहतं, पोट मात्र त्यात कमी ओढलं जातं. घेरी राहते आणि उलटी टळते, ती अशी.

सगळे प्रयोग आल्याच्या बाजूचे नाहीत, हेही सांगायला हवं. 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या प्रयोगात फिरत्या खुर्चीत बसलेल्यांना डायमेनहायड्रिनेट या औषधापेक्षा सुंठ सरस ठरली, आणि तेव्हापासून आल्याचा बोलबाला झाला. पण 1991 मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या दुसऱ्या प्रयोगात आल्याचा काहीच संरक्षक परिणाम दिसला नाही. माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रयोग डेन्मार्कमधला, 1988 सालचा. तो खुर्चीत नव्हता, खऱ्या समुद्रावर होता. नौदलाच्या 80 नवशिक्या कॅडेटना खवळलेल्या समुद्रात एक ग्रॅम सुंठ किंवा नुसती नकली पूड दिली. सुंठवाल्यांमध्ये उलट्या आणि गार घाम स्पष्टपणे कमी झाला. मळमळ आणि घेरीही थोडी कमी दिसली, पण ठामपणे म्हणता येईल इतकी नाही. हे वाचलं तेव्हा मोसम संपत आला होता, आणि माझ्या वहीत लिहिलेलंच कुणीतरी छापलंय असं मला वाटलं.

समुद्राचा स्वभावही या हिशेबात धरायला हवा. ऑक्टोबर ते जानेवारी सकाळचं पाणी बहुधा शांत असतं, तेव्हा एक गोळीही पुष्कळ झाली. फेब्रुवारीनंतर दुपारी वायव्येचा वारा उठतो आणि संध्याकाळच्या बोटी हलतात. बंदराचा आडोसा सोडून खाडीच्या तोंडाशी आलं की खुल्या समुद्राची लाट बाजूने घेते, आणि तो मधला टप्पाच खरी परीक्षा. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: जोरजोरात आदळणाऱ्या पाण्यापेक्षा पाच सेकंदांना एकदा या गतीने संथ वर-खाली होणं पोटाला सर्वांत वाईट, हे संशोधकांनी मोजून दाखवलेलं आहे. वरून शांत दिसणाऱ्या समुद्रात माझे काही सर्वांत वाईट प्रवास झाले, ते बहुधा याच्यामुळे.

मार्चमध्ये एकदा शेजारी थळकडच्या एक कोळीण मावशी बसल्या होत्या. मी मोबाइलात मान घालून बसलेली. त्यांनी हातातली रिकामी पाटी पायाशी सरकवली आणि म्हणाल्या, “खाली बघू नको गो पोरी. लांब बघ, ते डोंगर हायेत ना, तिकडं.” कनकेश्वराचा डोंगर धूसर दिसत होता, मी त्यावर नजर लावली. गोळी पोटात होती, नजर लांब होती, आणि तो प्रवास बरा गेला. तेव्हापासून दोन्ही एकत्रच करते. बोटीच्या मधोमध आणि शक्य तितकी खालची जागा, जिथून बाहेर दिसतं अशी. डिझेलचा धूर येतो ती मागची बाजू नाही, आणि बंद केबिनमध्ये कुणी वडापाव उघडला तर तिथून उठायचं. आल्याच्या भरवशावर या गोष्टी सोडल्या तर आलं बिचारं एकटं किती पुरणार.

भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी, गाड्याही नेणारी रो-रो बोट 2020 पासून सुरू आहे, आणि ज्यांना फार त्रास होतो त्यांनी जमेल तेव्हा तीच धरावी हे माझं स्पष्ट मत. मोठं जहाज, हलणं कमी, आणि डेकवर उभं राहून क्षितिज बघता येतं. तिच्यावर मला बऱ्याचदा नुसती कच्च्या आल्याची चकतीही पुरली.

कॅप्सूलबद्दल थोडक्यात. चव सोसत नाही त्यांच्यासाठी उत्तम, कारण मात्रा ठरलेली असते. पण डबीवर किती मिलिग्रॅम ते वाचून घ्या. काहींत एवढी कमी असते की दोन-तीन घ्याव्या लागतात. त्या गिळल्यावर आल्याचे ढेकर येतात, आणि हलत्या बोटीत ढेकर म्हणजे मला उगाच शंका. माझ्या ऑफिसातल्या एकीला मात्र त्याच मानवल्या.

काही जणांनी जपून राहावं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, पित्ताशयात खडे असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज सुंठ घेऊ नये. गरोदर बायकांनीही विचारूनच घ्यावी. मधुमेह असेल तर गुळाची गोळी आणि आलेपाक दोन्ही बाद. कोमट पाण्यातून नुसती पूड घ्यावी. ज्यांना मुळातच आम्लपित्त आहे त्यांनी रिकाम्या पोटी घेऊन बघूच नये. दिवसाला चार ग्रॅमच्या पुढे मी कधी गेले नाही आणि जाऊ नये असंच सांगेन. माझ्या सात वर्षांच्या भाच्याला डॉक्टरांना विचारून पाव ग्रॅमची बारीक गोळी मधातून दिली. त्याने तोंड वाकडं केलं, पण गेटवेपर्यंत खिडकीतून सीगल मोजत बसला.

खर्चाचं म्हणाल तर पाव किलो सुंठ आणि थोडा गूळ यात माझा अख्खा मोसम निघाला, आणि वर उरली. साठवणीचं मात्र लक्ष ठेवावं लागतं. आमच्याकडच्या खाऱ्या दमट हवेत कुटलेली पूड आठवड्यात गोळा होते आणि तिचा वास उतरतो. म्हणून सुंठ अख्खीच काचेच्या बरणीत ठेवते, पंधरा दिवसांपुरत्या गोळ्या वळते, आणि स्टीलच्या लहान डबीत दोन-दोन गोळ्या बटरपेपरमध्ये गुंडाळून पर्समध्ये. उन्हाळ्यात गूळ सुटून गोळ्या एकमेकींना चिकटायला लागल्या तेव्हा वरून थोडी कोरडी पूड भुरभुरली, मग सुट्या राहिल्या. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, पण हवामान बरं असेल त्या दिवशी रो-रो चालते. तेव्हाच्या समुद्रात दोन गोळ्या पुरतात का, हे आता जुलैत कळेल.