मिग वेल्डिंग मशीन घेताना मला कसं फसवलं, नाशिककरांनो वाचा

नाशकात हल्ली बरीच पोरं जुनी गाडी घेऊन घरीच पत्र्याचं काम शिकतायत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय. मारुती 800 चा सडलेला फ्लोअर स्वतः करायचा म्हणून मी शहरातल्याच एका दुकानातून मिग मशीन (ज्यात वायर आपोआप पुढे सरकत वितळते आणि पत्रा जोडते) घेतलं. दुकानदार म्हणाला, "दादा, 200 अँपिअर आहे, गॅसवर चालतं, बिनगॅसचं पण चालतं, घरच्या सॉकेटला लावा बिनधास्त." समोर चालवून दाखवलं, पण 5 एमएमच्या अँगलवर, आणि तिथं टाका मस्तच आला.

घरी फ्लोअरला लावलं तर नुसती भोकं. गाडीचा पत्रा असतो जेमतेम 0.7-0.8 एमएम, त्याला बारीक वायर आणि आर्गॉन-सीओटू मिक्स गॅस असला की काम सोपं जातं, म्हणून तर गॅसवालं मशीन मागितलं होतं. फोन केला की एकच उत्तर, "हात बसला नाही अजून, प्रॅक्टिस करा." नवीन माणसाला ते पटतं, आणि तोवर मशीन परत करायची मुदत निघून जाते, हाच यांचा धंदा आहे.

शेवटी कॉलनीतले एक काका आले, सातपूर एमआयडीसीत वेल्डर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी साइडचं कव्हर खोललं आणि म्हणाले, "अरे बाळा, हे बघ." मागे गॅसची नळी लावायचा जो निप्पल आहे तो आत कशालाच जोडलेला नाही!! ना व्हॉल्व्ह, ना टॉर्चपर्यंत नळी, म्हणजे फक्त फ्लक्सवाल्या वायरवर (आत पावडर भरलेली वायर, जिला गॅस लागत नाही) चालणारं मशीन आणि दाखवायला मागे निप्पल बसवलेला. अर्थिंगची केबल चाकूने खरवडली तर आत पांढरी, तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. आणि 200 अँपिअरचं म्हणाल तर मिगला तेवढ्या करंटला साधारण 24 व्होल्ट लागतात, म्हणजे 4800 वॅट, आणि घरातलं 15 अँपिअरचं सॉकेट 230 व्होल्टवर देणार 3450, मग हे येणार कुठून?

पण सगळ्यात जास्त संताप हेल्मेटचा आहे. ऑटो-डार्क (वेल्डिंग सुरू होताच काच आपोआप काळी होते ते) सांगून सेटमध्ये दिलं, निघाली साधी रंगीत काच. रात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं झालं, पाणी थांबेना, डॉक्टर म्हणाले आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या झगझगीत उजेडाच्या, किरणांनी बुबुळ भाजलंय. पैशाचं एक वेळ ठीक, पण शिकाऊ माणसाच्या डोळ्यांशी खेळायचं म्हणजे काय? हेल्मेट सेटमधलं घेऊच नका, सेफ्टीच्या सामानाच्या दुकानातून चांगल्या कंपनीचं वेगळं घ्या.

मशीन घ्यायला जाताना भंगारातून गाडीच्या पत्र्याचा तुकडा घेऊन जा आणि त्यावरच, गॅस जोडून, तुम्ही नेणार तेच मशीन चालवायला सांगा. पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर मशीनचा सिरियल नंबर लिहून घ्या. मला कच्ची पावतीच दिली होती, तरी ऑनलाइन पेमेंट आणि व्हॉट्सअॅपवरचं "गॅसवर चालतं" हे त्याचंच वाक्य कामाला आलं, 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली. जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत जाता येतं आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आता दुकानदार अर्धे पैसे देतो म्हणतोय, मी नाही म्हणून सांगितलंय. पूर्ण रक्कम आणि डॉक्टरचं बिल दोन्ही पाहिजे, नाहीतर कागद आयोगात जातायत.