‘होडीवरून थेट घरी’ म्हणत 14,030 रुपये घेतले, आणि वर माझ्याच हाताला नावं ठेवली

14,030 रुपये. खराब बांगडा, फुटलेल्या पोटांची तारली आणि कधीच न आलेली सुरमई, यासाठी एवढे पैसे गेले. पण त्याहून जास्त लागलंय ते विकणाऱ्या माणसाचं नंतरचं फोनवरचं बोलणं: ‘ताई, तेलकट मासळी तुम्हाला नीट करता आली नाही, मोठ्या आचेवर करायला हवी होती.’ माझं माहेर देवगडकडचं. बांगड्याचं तिखलं मी लग्नाआधीपासून करतेय. तिरफळं कधी ठेचायची, आगळ कधी घालायचं, हे मला कुणी फोनवरून शिकवायची गरज नाही.

प्रकार तुम्हाला ओळखीचाच वाटेल. व्हॉट्सअॅपचा ग्रुप, ‘दलाल नाही, कोळी बांधवांकडून थेट’, पहिली खेप अस्सल आणि दुसऱ्या खेपेला हात साफ. पहिली खेप मे महिन्यात आली. एक किलो सुरमई 950 रुपये, दोन किलो बांगडा 560, एकूण 1,510. बांगडा असा की कल्ले लालभडक, अंग कडक, डोळे चकचकीत. तव्यावर जेमतेम चमचाभर तेल टाकलं होतं, बाकी माशाने स्वतःचंच सोडलं. अशी मासळी आल्यावर माणूस विश्वास ठेवणार नाही तर काय करणार?

दुसरी ऑर्डर आखाडातली. श्रावण लागायच्या आधीच्या रविवारी घरचे सगळे जेवायला येणार होते, शिवाय शेजारच्या दोन घरांनीही माझ्या भरवशावर मागवलं. 12 किलो बांगडा 290 च्या भावाने 3,480, पाच किलो तारली 900, पाच किलो सुरमई 5,750. झाले 10,130. त्यावर बर्फाच्या पेटीची ‘परत मिळणारी’ अनामत 1,500. सगळे पैसे आगाऊ, यूपीआयने, आणि तेही बोटीच्या किंवा दुकानाच्या नावावर नाही, एका व्यक्तीच्या खात्यावर. परत मिळणारी अनामत कुणी मागितली की तिथेच थांबा, ती परत मिळत नाही.

आता तो क्षण. पैसे पाठवायच्या आधी त्याने फोटो टाकला, ‘आजची आवक, हर्णै.’ निळाशार समुद्र, लखलखीत ऊन, पाण्यात डुलणाऱ्या होड्या. आणि माझ्या खिडकीबाहेर सकाळपासून पाऊस कोसळत होता, बातम्यांत कोकणाला इशारा होता. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. आषाढात होड्या वाळूवर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात. हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्या फोटोवर मी नंतर किती वेळा बोट ठेवून बघितलं असेल, आणि दर वेळी तेच ऊन दिसतं.

मी विचारलंच नाही असं मात्र कुणी समजू नका. मी स्पष्ट विचारलं, ‘बंदीत मासळी कुठून आणता?’ तो लगेच म्हणाला, ‘आमची वल्ह्याची होडी आहे ताई, बिगरयांत्रिक होड्यांना बंदी नाही.’ आणि हे खरं आहे! बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना बंदीतून सूट असते. खऱ्या नियमाच्या आडून खोटं बोलणारा माणूस पकडणं सोपं नसतं. खोट शोधायची ती पुढे: खवळलेल्या दर्यात वल्ह्याची होडी काठ सोडून फार लांब जात नाही, आणि ती पाच किलो सुरमई ठरलेल्या वारी, ठरलेल्या भावाने देईन असं सांगूच शकत नाही. पावसाळ्यात जो नग, वजन आणि दिवस पक्का करून देतो, त्याची मासळी शीतगृहातली. शीतगृहातली मासळी वाईट नसते, नीट गोठवलेली मीही घेते. पण ती ‘आजची’ म्हणून विकणं ही चोरी आहे.

पेटी आली रविवारी सकाळी, सुरमईशिवाय. निरोप आला की सुरमई दुसऱ्या गाडीत आहे, थंड गाडीच्या भाड्याचा फरक 2,400 भरा. 11,630 अडकलेले, पाहुणे दारात. मी भरले. अडकलेले पैसे सोडवायला आणखी पैसे भरू नका.

बर्फ जवळपास वितळलेला होता. बांगड्यांचे डोळे आत गेलेले, कल्ले तपकिरी, बोटाने दाबलं की खळगा तसाच. तारली तर धुताना हातात सुटत होती. जे बरं वाटलं तेवढंच निवडून केलं. तळताना जो वास आला तो तेलाचा नव्हता, माशाच्याच चरबीचा खवट वास होता.

जेवल्यावर तासाभरात माझ्या दिरांचा चेहरा आणि मान लाल झाली, अंगाला खाज, डोकं ठणकायला लागलं. घास घेताना जिभेला मिरीसारखं चुरचुरलं होतं, ते म्हणालेही होते. डॉक्टरांचे 500 आणि औषधांचे 460 गेले. डॉक्टरांनी जे सांगितलं ते नीट वाचा. बांगडा, तारली, सुरमई अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. पकडल्यावर मासा तासन्‌तास उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात, म्हणजे अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य. एकदा झालं की ते उकळून जात नाही, तळून जात नाही, पुन्हा गोठवूनही जात नाही. म्हणजे मोठ्या आचेवर करायला हवं होतं हा त्याचा उपदेश शुद्ध थाप होती. त्या माशाला कुठलीही आच वाचवू शकली नसती. माझ्या स्वयंपाकात काही चुकलं नव्हतं.

त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं आणि मला ग्रुपमधून काढलं.

मग माझी वणवण. चौकीत साहेब हसले. ‘माशांचे चौदा हजार?’ माल मिळालाय ना, मग हा दिवाणी वाद, ग्राहकवाल्यांकडे जा. माल मिळाला म्हणे! आधीपासूनच देणार नव्हता त्या सुरमईचे 5,750 घेणं हा दिवाणी वाद कसा? फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम 318 आहे, ते मी सांगायचं आणि त्यांनी घड्याळ बघायचं. बँकेत उत्तर मिळालं की पिन तुम्हीच टाकलात. अन्नाची तपासणी करणाऱ्या कार्यालयात विचारलं, पक्कं बिल आहे का, नमुना आहे का. कुजलेला मासा रविवारी फ्रिजमध्ये जपून सोमवारी रांगेत उभं राहायचं होतं का? ग्राहक मदतीच्या फोनवरची बाई बिचारी नीट बोलली, पण तिलाही विक्रेत्याचा पत्ता हवा. पत्ता असता तर मी तिथेच नसते का गेले? ज्याच्या खात्यात पैसे गेले तो कोण, हे बँकेला ठाऊक आहे, पोलीस विचारू शकतात, आणि सगळे मलाच विचारतात. दिरांनी अंगावर पुरळ घेऊन चौकीत बसायला हवं होतं, तेव्हा कदाचित कुणी लिहून घेतलं असतं.

तुम्ही वेळ घालवू नका. पैसे गेल्याचं कळताच त्याच तासात सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या नंबरला फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. पेटी उघडतानाचा व्हिडिओ काढा, माशाचे कल्ले आणि डोळे जवळून दिसतील असा. विकणाऱ्याकडे अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा 14 आकडी नंबर मागा, टाळाटाळ केली तर विषय संपला. डॉक्टरांची चिठ्ठी फेकू नका, त्यावर ‘मासे खाल्ल्यानंतर’ एवढं लिहून घ्या. आणि आपल्या रोजच्या कोळणीला ग्रुपवरच्या भावासाठी सोडू नका. तिच्या पाटीतला मासा हातात घेऊन दाबून बघता येतो, आणि वाईट निघाला तर दुसऱ्या दिवशी ती तिथेच बसलेली असते.

शेजारच्या दोन्ही घरांचे पैसे मी माझ्या पदरचे परत दिले. त्यांच्या नजरेला नजर देणं अजून जड जातं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही, म्हणून मी ती लिहायला घेतली आहे. मागणी 14,030 अधिक 960. अशा ग्रुपला तुम्हीही पैसे भरले असतील तर यूपीआयची पावती जपा. आयोगाची परवानगी घेऊन अनेकांची मिळून एकच तक्रारही करता येते.